आधी अडतं कुठे ते सांगा

माझ्याकडे एक जुनी दोनशे पानी वही आहे. पुठ्ठा सुटलाय, कडांवर चॉकची पांढरी बोटं उमटलीत. त्या वहीतलं एक अख्खं वर्ष मी 'गुड मॉर्निंग' नावाच्या व्यायामाला दिलं. मानेखाली रॉड घ्यायचा, गुडघे जरासे सैल सोडायचे, खुब्यातून पुढे वाकायचं आणि परत सरळ व्हायचं. जानेवारीत ६० किलोने सुरुवात केली, डिसेंबरात ११० किलोवर पोचलो. शर्ट पाठीत तंग व्हायला लागले. त्याच वर्षात माझा स्क्वॉट १६५ किलोवरून १६७.५ किलोवर गेला. बारा महिन्यांत अडीच किलो.

झालं होतं ते असं. जड स्क्वॉटमधून उठताना माझा पार्श्वभाग आधी वर निघायचा आणि छाती खालीच राहायची. धड जवळजवळ आडवं व्हायचं, आणि मग उरलेलं वजन पाठीने ओढून काढावं लागायचं. बघणारा प्रत्येक जण सांगायचा, पाठ कमी पडतेय. मीही मान डोलवायचो. पण पाठ कमी पडतच नव्हती. कमी पडत होत्या मांड्या, आणि पाठ बिचारी त्यांच्या वाट्याचं काम उपसत होती. घरात जो सगळ्यांचं ओझं वाहतो तोच दमलेला दिसतो, म्हणून त्यालाच दुबळा ठरवावं, तसा तो प्रकार.

पुढे मांड्यांकडे वळलो. फ्रंट स्क्वॉट, खाली थांबून मारलेले स्क्वॉट, आणि ज्या लेग प्रेसला आम्ही 'बॉडीबिल्डरांचं मशीन' म्हणून नाक मुरडायचो तेही. नऊ महिन्यांत १८२.५ किलो निघाले. हे पुस्तक त्या दोन वर्षांमधल्या फरकाबद्दल आहे.

विषय पॉवरलिफ्टिंगच्या पूरक व्यायामांचा. जिममध्ये आपण 'असिस्टन्स' म्हणतो, कोणी 'ॲक्सेसरी' म्हणतं. मराठीत 'साहाय्यक व्यायाम' असाही शब्द चालला असता. मी 'पूरक' मुद्दाम घेतला. साहाय्य कोणीही कोणालाही करतं, गरज असो वा नसो. पूरक म्हणायचं तर आधी काहीतरी उणं असावं लागतं. ते उणं काय आहे हे न विचारता केलेला व्यायाम घाम काढेल, पूरक ठरणार नाही. (प्राणायामवाल्यांना पूरक म्हणजे श्वास आत घेणं. त्यांचंही बरोबरच आहे. छाती-पोटात श्वास भरून, तो कोंडून धरूनच जड स्क्वॉट होतो. म्हणजे आमच्याकडे पूरकानंतर कुंभक येतो आणि रेचक थेट वजन वर आल्यावर. पण तो विषय तिसऱ्या प्रकरणात.)

हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. तीन प्रकार: स्क्वॉट, बेंच प्रेस, डेडलिफ्ट. प्रत्येकाचे तीन प्रयत्न, म्हणजे दिवसभरात नऊ. तिन्हींतल्या सर्वोत्तम यशस्वी उचलींची बेरीज म्हणजे टोटल. समोर तीन पंच, त्यांतल्या दोघांनी पांढरा दिवा दिला तर उचल मान्य. स्क्वॉटमध्ये खुब्याजवळचा मांडीचा वरचा भाग गुडघ्याच्या माथ्यापेक्षा खाली जायला हवा. बेंचमध्ये रॉड छातीवर स्थिर थांबल्यावर पंच 'प्रेस' म्हणतो, तेव्हाच ढकलायचं. डेडलिफ्टमध्ये सरळ उभं राहून 'डाउन' ऐकू येईपर्यंत रॉड हातातच ठेवायचा. १८० किलोचा स्क्वॉट म्हणजे २० किलोचा बार, अडीच-अडीच किलोचे दोन कॉलर, आणि दोन्ही बाजूंना २५ किलोच्या लाल प्लेटा तीन-तीन व अडीचची एक-एक. एवढं कळलं की प्रेक्षक म्हणून पुरतं.

आता गंमत बघा. ज्या तीन उचलींना आपण या खेळात मुख्य मानतो, त्या मुळात स्वतःच पूरक व्यायाम होत्या. गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत स्पर्धा म्हणजे ऑलिम्पिक वेटलिफ्टिंग: प्रेस, स्नॅच, क्लीन अँड जर्क. स्क्वॉट मारायचे ते जर्क वाढावा म्हणून. डेडलिफ्टही त्याच हिशेबात. बेंच प्रेसकडे तर जुने वेटलिफ्टर संशयानेच बघायचे. पण हे 'जोडकाम' करताना लोकांना त्याचीच चटक लागली. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये त्याच्या वेगळ्या चुरशी लागू लागल्या, आणि १९६५ साली पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला अमेरिकेची पहिली अधिकृत राष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग स्पर्धा झाली. आंतरराष्ट्रीय महासंघ १९७२ चा. त्याच वर्षी म्युनिक ऑलिम्पिकनंतर वेटलिफ्टिंगमधून प्रेस हा प्रकार वगळण्यात आला, हा निव्वळ योगायोग. पण एकीकडे मुख्य उचल अडगळीत गेली आणि दुसरीकडे अडगळीतल्या तीन उचली मुख्य झाल्या. व्यायामाच्या अंगावर मुख्य की पूरक असा शिक्का नसतो. तुम्हाला कशात जिंकायचंय त्यावर ते ठरतं. म्हणून 'डेडलिफ्टसाठी सर्वांत चांगला व्यायाम कोणता?' या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. विचारणारा नाराज होतो, होऊ दे.

व्यायाम शोधणारे लोकही वाचण्यासारखे आहेत. टेनेसीमधला बॉब पीपल्स हा शेतकरी. १९४९ साली, ८३ किलोच्या आसपास शरीरवजन असताना त्याने ७२५ पौंड, म्हणजे जवळजवळ ३२९ किलो डेडलिफ्ट केलं. त्याचं सगळं साहित्य घरचं. लाकडी खांब उभारून, रॉड वेगवेगळ्या उंचीवर ठेवता येईल अशी चौकट त्याने बनवली. आजच्या पॉवर रॅकची ती आजी म्हणायला हरकत नाही. उचल जिथे अडते तिथपासूनच सुरुवात करून पाहायची ही कल्पना त्याला कुठल्या विद्यापीठात मिळाली नव्हती. चिखलात रुतलेली गाडी काढताना माणूस आधी चाक कुठे अडलंय ते बघतो, तसंच ते.

दुसरा माणूस याच्या अगदी उलट, डॉक्टर. थॉमस डिलॉर्म, अमेरिकी सैन्यातला. दुसऱ्या महायुद्धात गुडघे-मांड्या जायबंदी झालेले सैनिक शिकागोच्या लष्करी रुग्णालयात येत. तोवरची रीत हलक्या, पुन्हापुन्हा केलेल्या हालचालींची होती. डिलॉर्मने पायात लोखंडी बूट घालून मांडीचा पुढचा स्नायू एकटा पकडला आणि त्यावर वजन चढवत नेलं. १९४५ साली त्याने हे प्रसिद्ध केलं. दहा-दहा आवर्तनांचे तीन सेट, पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण, तिसरा पूर्ण, ही पद्धत पुढे त्याच्याच नावाने ओळखली गेली. आज कुठल्याही जिममध्ये 'तीन बाय दहा' सांगतात, तेव्हा सांगणाऱ्याला माहीत नसतं की हे एका लष्करी दवाखान्यातून आलंय. मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. लोखंडी बूट घालण्याआधी त्या डॉक्टरने रोग्याला तपासलं होतं. आपण बूट उचलला आणि तपासणी तिथेच टाकून आलो.

यानंतरचं नाव टाळून पुढे जाता येत नाही: लुई सिमन्स. ओहायोतल्या कोलंबसमध्ये त्याने वेस्टसाइड बारबेल चालवलं. २०२२ मध्ये तो गेला, तरी पूरक व्यायाम म्हटलं की आजही जगभरच्या लिफ्टरांच्या डोळ्यांसमोर तोच येतो. जिमचं नावसुद्धा त्याने उसनं घेतलेलं. मूळ वेस्टसाइड कॅलिफोर्नियातल्या कल्वर सिटीत बिल 'पीनट्स' वेस्टच्या गॅरेजमध्ये १९६० च्या दशकात होतं, आणि पेटीवर बसून उठायचा बॉक्स स्क्वॉट तिथलाच. सिमन्सचं कंबरेचं हाड मोडलं, जुन्या पद्धतीवरचा विश्वास उडाला, तेव्हा तो सोव्हिएत प्रशिक्षकांच्या पुस्तकांकडे वळला. त्यातून जे उभं राहिलं ते असं: आठवड्यात दोन दिवस कमाल जोराचे, दोन दिवस वेगाचे, आणि बाकी सगळा वेळ पूरक व्यायामांचा. कमाल जोराच्या दिवशीही साधा स्क्वॉट किंवा साधा बेंच नाहीच. दर आठवड्याला व्यायाम बदललेला. कधी छातीवर लाकडी फळ्या ठेवून प्रेस, कधी जमिनीवर झोपून, कधी रॉडला साखळ्या लटकवून. साखळीची खुबी अशी की रॉड खाली आला की कड्या जमिनीवर टेकतात आणि वजन हलकं होतं. वर जाताना एकेक कडी उचलली जाते आणि वजन वाढत जातं.

हे आपल्याकडे आलं तेव्हा काय झालं ते मी पाहिलंय. पोरांनी ट्रकच्या साखळ्या आणल्या. सुताराकडून फळ्या कापून आणल्या. उत्साह नंबर एक. फक्त एक गोष्ट कोणी विचारली नाही: वेस्टसाइडवाले अंगात काय घालून वजन मारत होते?

बेंच शर्ट १९८० च्या दशकात जॉन इन्झरने आणला. ताठ कापडाचा, अंगाला आवळलेला सदरा. रॉड छातीकडे आणताना तो ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा परत ढकलतो. म्हणजे मदत सर्वांत जास्त तळाला, छातीपाशी. वर जावं तशी ती कमी होते आणि शेवटचा चतकोर दंडांच्या मागच्या स्नायूंनी एकट्याने काढायचा. अशा लिफ्टरची उचल वरच अडणार, म्हणून फळी, म्हणून साखळी. त्यांच्या प्रश्नाला ते अचूक उत्तर होतं. आपला पोरगा साध्या टी-शर्टमध्ये. त्याचा रॉड छातीपासून चार बोटांवर अडतोय आणि तो फळीवरून प्रेस मारतोय. जिथे त्याला मरण आहे तेवढाच भाग फळीने झाकून टाकलाय! विनाशर्टची, म्हणजे 'क्लासिक' प्रकारची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१३ साली रशियातल्या सुझदलला झाली. त्यानंतर बहुतेक नवे लिफ्टर याच प्रकारात उतरले, पण व्यायामांच्या याद्या मात्र जुन्याच फिरत राहिल्या.

सगळं खापर सदऱ्यावर फोडणंही बरोबर नाही. त्याच काळात रशियन प्रशिक्षक बोरिस शेको अगदी वेगळ्या वाटेने जात होते, आणि त्यांचे लिफ्टरही शर्ट-सूट घालणारेच होते. शेकोंच्या तक्त्यात स्क्वॉट, बेंच, डेडलिफ्ट पुन्हापुन्हा येतात, मुख्यतः कमालीच्या ७० ते ८० टक्क्यांवर. कधी एकाच सत्रात बेंच, मग स्क्वॉट, मग परत बेंच. पूरक व्यायाम मोजके. त्यांच्या मते जड उचल हे कौशल्य आहे, आणि कौशल्य दमलेल्या शरीराने नव्हे तर स्वच्छ आवर्तनांनी पक्कं होतं. दोन्ही शाळांतून जगज्जेते निघाले. मी स्वतः शेकोंच्या बाजूला जास्त झुकतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढची प्रकरणं वाचताना तुम्ही तेवढी सूट द्याल.

पुस्तकाचा अर्ध्याहून जास्त भाग तपासणीवर आहे. कारण खरी गोम तिथेच आहे: उचल जिथे अडते तिथे दुबळेपणा असतोच असं नाही.

बेंच प्रेसचंच घ्या. प्रत्येकाचा रॉड छातीपासून काही अंतरावर मंदावतो. १९८९ साली ऑस्ट्रेलियातल्या ब्रूस एलियट आणि सहकाऱ्यांनी या अडणाऱ्या टप्प्याचा अभ्यास केला. अपेक्षा अशी की त्या जागी खांद्यावरचा किंवा कोपरावरचा भार वाढत असेल, नाहीतर स्नायू ढिले पडत असतील. दोन्ही दिसलं नाही. त्यांचा तर्क असा की छातीपाशी ताणलेल्या स्नायूंच्या लवचिकतेतून मिळालेला रेटा संपलेला असतो, आणि वरची सोयीची स्थिती अजून आलेली नसते. मधल्या पोकळीत रॉड रेंगाळतो. आता, खालून वेग जास्त घेऊन निघालात तर ही पोकळी पार होईल. म्हणजे अडतंय मध्ये, इलाज तळाला. छातीवर थांबून मारलेलं बेंच, छातीच्या जरा वर रॉड थांबवून मारलेलं बेंच, आणि पाठ-खांदे घट्ट बांधून ठेवण्याची सवय. टॉम मॅकलॉक्लिन यांनी तर १९८० च्या दशकात दाखवलं की निष्णात लिफ्टरांचा रॉड छातीवरून सरळ वर जात नाही, तो लवकरच डोक्याच्या दिशेने मागे सरकतो. नवखा आधी सरळ ढकलतो आणि उशिरा मागे नेतो. हे तर व्यायामाचं कामच नाही, मार्गाचं आहे. वाट चुकलेल्या माणसाला तुम्ही जास्त जेवण देऊन काय उपयोग?

त्यातही नियम बदलले की दुखणं बदलतं. २०२३ पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने बेंचमध्ये अट घातली की तळाला कोपराचा खालचा भाग खांद्याच्या वरच्या पातळीला किंवा त्याखाली यायला हवा. पाठीची मोठी कमान आणि रुंद पकड यांवर ज्यांचं बेंच उभं होतं, त्यांना पकड आत घ्यावी लागली, रॉडचा प्रवास वाढला. काल ज्यांना दंडाचा व्यायाम शोभेपुरता होता त्यांना तो आज पोटापाण्याचा झाला.

स्क्वॉटचं माझं रामायण वर सांगितलंच. त्यामागचं गणित असं: पार्श्वभाग आधी उठतो तेव्हा गुडघे मागे सरकतात. गुडघ्यापासून वजनाच्या रेषेचं अंतर घटतं आणि खुब्यापासूनचं वाढतं. शरीर आपोआप भार मांडीच्या पुढच्या स्नायूंकडून काढून पाठ-नितंबांवर ढकलतं. ज्याच्याकडून काढला तो कच्चा, ज्याच्यावर ढकलला तो पक्का. पण हाही मंत्र समजू नका. कोणाचा श्वास खालीच सुटतो म्हणून धड कोसळतं; कोणाचा तोल पंजाकडे जातो; कोणी घाईने खाली पडतो. चित्र एकच, कारणं चार. म्हणून पाचव्या प्रकरणात प्रत्येक लक्षणापुढे एकच व्यायाम लिहिलेला नाही. आधी ७० टक्के वजनावर बाजूने व्हिडिओ काढा. तिथे उचल सरळ आणि ९० टक्क्यांवर वाकडी, तर ताकदीचा प्रश्न असण्याची शक्यता जास्त. ७० वरही वाकडी असेल तर व्यायाम वाढवू नका, उचल शिका.

डेडलिफ्टमध्ये गोष्ट थोडी सोपी आहे, कारण तिथे लपवायला कमी जागा असते. जमिनीवरून सुटत नाही, गुडघ्यापाशी अडतं, किंवा हातातून निसटतं. शेवटचं सर्वांत लाजिरवाणं आणि सर्वांत दुर्लक्षित. सरावात वर्षभर पट्टे बांधून ओढायचं आणि स्पर्धेत, जिथे पट्टे चालत नाहीत, बोटं उघडली की नशिबाला बोल लावायचा. दर आठवड्याला शेवटचा सेट पट्ट्याशिवाय, वर दहा सेकंद धरून. बहुतेकांना एवढंच पुरतं.

आणि काही गोष्टी कुठल्याच व्यायामाने बदलत नाहीत. लमार गँट या अमेरिकी लिफ्टरने १९८५ साली ६० किलोच्या गटात ३०० किलो डेडलिफ्ट केलं, शरीराच्या वजनाच्या पाचपट. असं करणारा तो पहिला. त्याच्या मणक्याला बाक होता, वजनाखाली तो आणखी दबायचा, आणि हात लांब. रॉडला कमीच अंतर कापावं लागायचं. त्याच्या सरावाची वही मिळाली म्हणून कोणी गँट होणार नाही. आपल्या हातापायांची लांबी आधी मोजा. लांब मांडीचा माणूस स्क्वॉटमध्ये पुढे वाकणारच. त्याला दोष समजून वर्षभर दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही.

नावांच्या भानगडीवर एक परिच्छेद खर्च करतो, वाचकाने माफ करावं. रुमानियन डेडलिफ्ट हा आज सर्वांत लाडका पूरक व्यायाम. १९८४ चा ऑलिम्पिक विजेता रुमानियन वेटलिफ्टर निकू व्लाड १९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका जिममध्ये तो करत होता. बघणाऱ्यांनी विचारलं, याला म्हणतात काय? नाव असं काही नव्हतंच. तिथल्या जिम श्मिट्झ या प्रशिक्षकाने सुचवलं, मग रुमानियन डेडलिफ्टच म्हणू. 'गुड मॉर्निंग' हे तर पाहुण्याला वाकून केलेलं अभिवादन. आपल्याकडे जन्मलं असतं तर 'रामराम' म्हणालो असतो. मी पुस्तकात जिममध्ये रूढ आहेत तीच नावं ठेवली आहेत. पोराला 'पश्चऊरु-प्रसरण' सांगितलं तर तो सरळ घरी जाईल.

आता कार्यक्रम कसा आखायचा याकडे. इथे एकच गोष्ट पक्की धरा: प्रत्येक सेटची किंमत असते आणि ती झोप, जेवण आणि सांध्यांतून वसूल होते. पाच जड सेट रुमानियन डेडलिफ्टचे आणि पाच सेट लेग कर्लचे, वहीत दोन्ही एकेक ओळ खातात. शरीरात त्यांची किंमत सारखी नसते. पहिल्याने तुमचा परवाचा स्क्वॉट खाल्ला, दुसऱ्याने नाही. म्हणून मी व्यायामांची विभागणी अवयवांनुसार न करता मुख्य उचलीपासूनच्या अंतरानुसार केली आहे. जवळचे, म्हणजे थांबून स्क्वॉट, अरुंद पकडीचं बेंच, फळीवर उभं राहून डेडलिफ्ट: हे महाग, म्हणून थोडके, आणि जोरात कधीच शेवटपर्यंत नाही. लांबचे, म्हणजे रोइंग, लेग कर्ल, फेस पुल, एका पायाचे स्क्वॉट: हे स्वस्त, आवर्तनं जास्त, आणि इथे थोडं जळू दिलं तरी चालतं.

प्रमाण किती, यावर सोव्हिएत वेटलिफ्टिंगमधल्या प्रिलेपिनचा तक्ता बरेच जण भिंतीवर चिकटवतात. ८० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान एका सत्रात १० ते २० उचली, साधारण १५ चांगल्या, असं तो सांगतो. तो स्नॅच आणि क्लीन अँड जर्कवाल्यांच्या वह्यांतून निघालेला आहे हे विसरू नका. आपल्याला तो होकायंत्र म्हणून चालेल, नकाशा म्हणून नाही. दुसऱ्या टोकाला जिम वेंडलर. वेस्टसाइडमध्येच तयार झालेला, हजार पौंड स्क्वॉट मारलेला माणूस, आणि नंतर त्याने लिहिलेली ५/३/१ ही पद्धत इतकी साधी की गुंतागुंतीला कंटाळूनच ती सुचली असावी. खऱ्या कमालीच्या ९० टक्क्यांना आधार धरायचं आणि तिथून पुढे सावकाश चढायचं. तिचा एक पूरक भाग आहे, त्याच उचलीचे हलक्या वजनाने पाच बाय दहा. नावच 'कंटाळवाणं पण मोठं' अशा अर्थाचं. करून बघा, नाव किती प्रामाणिक आहे ते कळेल.

टक्क्यांपेक्षा मला माइक टुशेरर या अमेरिकी लिफ्टरने रुळवलेली पद्धत नव्या पोरांना शिकवायला बरी वाटते. सेट झाला की स्वतःला विचारायचं, अजून किती निघाल्या असत्या? दोन निघाल्या असत्या तर तो सेट ८ चा, एक असती तर ९ चा, काहीच नाही तर १०. सुरुवातीला सगळे खोटं बोलतात. तीन-चार महिन्यांनी माणूस स्वतःशी खरं बोलू लागतो. रात्रपाळी करून आलेल्याला टक्के काही समजत नाहीत, ही पद्धत समजते.

स्पर्धेला बारा आठवडे असतील तर पहिल्या पाचांत लांबचे व्यायाम भरपूर, मधल्या चारांत जवळचे, शेवटच्या तीनांत यादी गळत जाते. मी शेवटचा जड डेडलिफ्ट दोन आठवडे आधी, स्क्वॉट दहा दिवस आधी, बेंच आठवडाभर आधी करवतो. त्या काळात पोरं अस्वस्थ होतात. इतके दिवस नऊ व्यायाम होते, आता तीनच? काहीतरी सुटतंय असं वाटतं. चोरून जाऊन दंड मारून येतात. एकाला तर मी स्पर्धेच्या तीन दिवस आधी दुसऱ्याच जिममध्ये लेग प्रेसवर पकडला होता.

साधनांबद्दलही बोलायला हवं, कारण हे पुस्तक पुण्या-मुंबईच्या चकचकीत जिमसाठीच लिहिलेलं नाही. तालुक्याच्या व्यायामशाळेत रिव्हर्स हायपरचं मशीन नसतं, कित्येकदा सेफ्टी पिना असलेला रॅकही नसतो. मग घोट्यांवर बसायला एक माणूस घ्या, गुडघ्यांवर उभे राहा आणि सावकाश पुढे जा. मांडीच्या मागच्या स्नायूंना याहून कडक शिक्षा कुठलंच मशीन देत नाही. पोत्यात वाळू भरा. आणि तालमीला कमी लेखू नका. बैठक घ्या: टाच उचललेली, गुडघा पुढे, भार मांडीच्या पुढच्या भागावर. मला त्या वर्षी ज्या स्नायूची गरज होती नेमका तोच. निव्वळ बैठकांनी १६५ चा १८२.५ झाला नसता, वजन अपुरं पडतं. पैलवानाला कुस्तीभर पुरणारा दम हवा असतो आणि आम्हाला एकाच उचलीत सगळं ओतायचं असतं. पण पाया म्हणून, आणि गुडघे तापवायला म्हणून, मी आजही पन्नास बैठका काढल्याशिवाय रॉडखाली जात नाही. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी संपादित केलेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'चे दहा खंड आपल्याच भाषेत आहेत. ताकदीवर मराठीत लिहिता येतं का, ही शंका तिथेच मिटायला हवी होती.

एका प्रकरणाबद्दल आधीच सांगून ठेवतो. शेवटून दुसरं प्रकरण पॅरा पॉवरलिफ्टिंगचं आहे. तिथे उचल एकच, बेंच प्रेस. पाय बाकावर लांब ठेवलेले, म्हणजे पायांचा रेटा नाही. २००४ साली अथेन्सच्या पॅरालिम्पिकमध्ये राजिंदरसिंग रहेलूंनी ५६ किलो गटात कांस्यपदक मिळवलं, २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुधीरने सुवर्ण. धडधाकट लिफ्टरांनीही ते प्रकरण वाचावं. पायांची मदत काढून घेतली की बेंचमधले बाकीचे सगळे दोष दिवसाच्या उजेडात येतात, आणि पाय उचलून मारलेलं बेंच म्हणूनच आमच्या यादीत एक चांगला पूरक व्यायाम आहे.

पुस्तकाच्या अखेरीस बारा आठवड्यांची कोष्टकं कोरी छापली आहेत. व्यायामाचं नाव तिसऱ्या रकान्यात आहे. पहिल्यात उचल कोणती. दुसऱ्यात अडतं कुठे, आणि तुमच्या मते का. चौथ्यात तो व्यायाम कधी बंद करणार ती तारीख, सुरुवातीलाच लिहायची. पेन्सिल वापरा. दुसरा रकाना खोडावा लागतो. माझा अजूनही लागतो.